शाळेतली आरोग्य तपासणी: एका दिवसात उरकते, पुढचं कोण बघतं? (ठाणे-नवी मुंबई)

घणसोलीकर | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, घणसोलीतल्या एका खाजगी विनाअनुदानित शाळेच्या पालक-शिक्षक संघाला येत्या जूनपासूनचं आरोग्याचं वेळापत्रक करून हवं आहे. पहिली ते दहावी, पट ९०० च्या आसपास. महापालिकेच्या शाळांत गोळ्या पोचतात, लस द्यायला ताई येतात. खाजगी शाळांत मात्र एखादं मोफत शिबिर होतं, मुलांच्या हाती छापील कार्ड पडतं आणि ते दप्तराच्या तळाशी जातं.

विचारायचं आहे ते असं: सरकारी कार्यक्रमातलं काय काय खाजगी शाळेला मिळू शकतं? कोणतं काम शाळेनं स्वतःच करावं? आणि तपासणीत काही सापडलं तर ते मूल डॉक्टरपर्यंत पोचलं की नाही हे कोणी बघायचं?

माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. ‘दाताला कीड, डॉक्टरांना दाखवा’ असं लिहिलेलं कार्ड घरी गेलं म्हणून कीड भरली जात नाही. तुम्हा जाणकारांची मतं हवीत.

येऊरकर | सोमवार, रात्री ९:४८

चांगला धागा. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

शाळेत फिरती पथकं येतात ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्याची देशातली सुरुवात आपल्याकडेच, ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढ-विकासातले अडथळे अशा चार गटांत मिळून ३० स्थिती तपासतात.

पण हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत पथक आपणहून येणार नाही. तुम्हाला मिळण्यासारख्या गोष्टी दोन: जंतनाशक गोळ्या आणि १० व १६ वर्षांची टीडी लस (धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धची). दोन्हींसाठी आपल्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्यायचं, सोबत इयत्तावार पट जोडायचा. ‘आमच्या शाळेत आरोग्य कार्यक्रम राबवावा’ असं मोघम पत्र देऊ नका. किती मुलं, कोणत्या वयाची, शाळा सकाळची की दुपारची, हे लिहा.

परिचारिका_कळवा | सोमवार, रात्री १०:२०

जंतनाशक गोळीचं सविस्तर लिहिते, कारण सोपं वाटतं तिथेच गडबड होते.

राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राज्यात तारीख कधी कधी पुढेमागे होते, म्हणून त्या वर्षीचं पत्र बघा. साधारण आठवड्यानं मॉप-अप दिवस असतो, राहिलेल्या मुलांसाठी. गोळी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चघळायची. शाळेतल्या सगळ्या वयांना पूर्ण गोळी. (अंगणवाडीत १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यातून.)

गोळी वर्गातच, शिक्षकांसमोर, चावून खायची. नुसती गिळायला लावायची नाही, लहान मुलांच्या घशात अडकते. घरी द्यायला हातात ठेवायची नाही. मधल्या सुट्टीनंतरची वेळ बरी, मुलांच्या पोटात काहीतरी असतं. वर्गात पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा, नाहीतर ५० मुलं एकदम नळाकडे धावतात आणि कोणी चावलं, कोणी थुंकलं ते कळत नाही.

हजेरीपटावर त्या दिवशी गोळी घेतलेल्यापुढे एक टिक, मॉप-अपला घेतलेल्यापुढे दोन टिका. ही खूण नीट केली तर शेवटी मोजणी पाच मिनिटांत होते.

ज्या मुलाला ताप आहे, जे आजारी आहे किंवा ज्याचं दुसरं औषध चालू आहे, त्याला त्या दिवशी द्यायची नाही. बरं झालं की मॉप-अपला. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, क्वचित उलटी होते. मुलाला सावलीत आडवं करायचं, पाणी द्यायचं, थोड्या वेळात बरं वाटतं. थांबलं नाही तर आरोग्य केंद्र किंवा १०८.

सीवूड्सची_आई | सोमवार, रात्री १०:४१

माझा थोडा विरोध आहे. घरी शुद्ध केलेलं पाणी, मुलांच्या पायात कायम बूट, नखं कापलेली. अशा मुलांना तपासणी न करता सरसकट गोळी कशाला? आधी शौचाची तपासणी करावी आणि जंत सापडले तर द्यावी. औषध ते औषधच.

परिचारिका_कळवा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, प्रश्न रास्त आहे. एकेका मुलाची शौच तपासणी करायची तर ती गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते, शिवाय एका नमुन्यात अंडी सापडली नाहीत म्हणून जंत नाहीतच असं होत नाही. गोळी सुरक्षित आहे, जंत नसलेल्या मुलाला तिच्यामुळे इजा होत नाही. म्हणूनच जिथे जंतांचं प्रमाण बरंच आहे तिथे सगळ्यांना एकदम देण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते.

घरचं पाणी शुद्ध असेल, पण मूल मैदानात खेळतं, कोथिंबीर न धुता घातलेली भेळ खातं, आणि वर्गातलं एकच पेन दहा तोंडांत जातं. गोलकृमीची अंडी मातीत महिनोन्महिने टिकतात. हुककृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते.

गोळीची मर्यादाही सांगते. चाबूककृमीवर एकच मात्रा म्हणावी तशी चालत नाही. आणि गोळी आत असलेले जंत मारते, पुढची लागण रोखत नाही. म्हणून तर वर्षातून दोनदा.

सीवूड्सची_आई | सोमवार, रात्री ११:१२

हे कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. तरी पालकांना आधी कळवायला हवंच, अचानक गोळी देऊ नये.

येऊरकर | सोमवार, रात्री ११:२०

त्यावर दुमत नाही. आठवडाभर आधी हा निरोप पाठवा, हवा तर असाच उतरवून घ्या:

‘अमुक तारखेला मधल्या सुट्टीनंतर पहिली ते दहावीच्या सर्व मुलांना जंतनाशक गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम) शिक्षकांसमोर दिली जाईल. त्या दिवशी मूल आजारी असल्यास, त्याला फिट येत असल्यास, यकृताचा आजार असल्यास किंवा कोणतंही औषध चालू असल्यास वर्गशिक्षकांना आदल्या दिवसापर्यंत लेखी कळवा. मुलाला डबा खाऊनच गोळी मिळेल, उपाशी ठेवू नये.’

शेवटचं वाक्य गाळू नका. औषध म्हटलं की काही घरांतून मूल उपाशीपोटी पाठवतात.

वाशी_खाडी | मंगळवार, सकाळी ७:३०

वाचतोय. खूण साठवून ठेवली.

तक्ता_सहा_मीटर | मंगळवार, सकाळी ८:१५

शाळेनं स्वतः करावं असं पहिलं काम म्हणजे नजर तपासणी. खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा थेट फळ्यावर दिसतो. ती शिक्षकही करू शकतात, अर्धा दिवस शिकून घेतलं की झालं.

लागतं काय: ‘ई’ अक्षराचा तक्ता (ई वेगवेगळ्या दिशांना वळलेला), मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याचा तुकडा. अंतर बरोबर ६ मीटर, म्हणजे साधारण १९ फूट ८ इंच. पावलांनी मोजू नका. वर्ग लहान असेल तर व्हरांडा वापरा. जमिनीवर खडूनं रेघ मारा आणि मुलाच्या टाचा त्या रेघेवर ठेवा, कारण मुलं नकळत पुढे सरकतात. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर पडेल असा. तक्त्यामागे खिडकी असेल तर निम्मी मुलं नापास होतील.

एका वेळी एकच डोळा. दुसरा पुठ्ठ्यानं झाकायचा, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून मूल बघतं, आणि डोळा दाबला गेला तर तो उघडल्यावर काही क्षण धूसर दिसतं. मूल अक्षर वाचत नाही, ई ची तोंडं कुठे वळली ती हातानं दाखवतं. रांगेतली मुलं ऐकून पाठ करतात, म्हणून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवा. चष्मा असेल तर चष्म्यासह तपासा. ६/९ ची ओळ (निरोगी डोळा ९ मीटरवरून वाचतो ती) कोणत्याही एका डोळ्यानं जमली नाही, तर मूल नेत्रतज्ज्ञाकडे.

सगळ्यात महत्त्वाची इयत्ता पहिली. एकच डोळा कमजोर असलेलं मूल कधीच तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उपचाराला छान दाद देतो, नंतर अवघड होत जातं. वेळ कमी असेल तर पहिली, पाचवी आणि आठवी धरा, पण पहिली सोडू नका.

चष्मा लागलाच तर मुलाचा नंबर डोळ्यात थेंब घालून काढलेला असावा. थेंब न घालता काढलेला उणे नंबर मुलांत बरेचदा जास्त येतो.

निळी_गोळी | मंगळवार, सकाळी ११:०२

लोहाच्या गोळ्यांचं कोणी लिहिलं नाही अजून.

आठवड्याला एक, बहुतेक शाळांत सोमवारी. ५ ते ९ वर्षं गुलाबी गोळी: ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. १० ते १९ वर्षं निळी: ६० मिलिग्रॅम आणि ५०० मायक्रोग्रॅम. सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत येते, मुलग्यांनाही. ‘रक्त कमी फक्त मुलींचं’ ही समजूत शिक्षकांतही आहे, ती काढायला हवी.

जेवणानंतर द्यायची. उपाशीपोटी दिली तर मळमळ होते, आणि पहिल्याच सोमवारी चार मुलांना मळमळलं की पुढच्या सोमवारी अख्खा वर्ग नको म्हणतो. चहा गोळीच्या आगेमागे तासभर नको, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू सोबत चांगले. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पालकांना आधी सांगा.

पाकिटं घरी देऊ नका. घरातल्या लहान भावंडानं रंगीत गोळ्या गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. सुट्टीतल्या गोळ्या पाठवायच्याच असतील तर मोजून, पालकांच्या हातात. पावसाळ्यात कपाटातला खोका दमट होतो आणि गोळीचं साखरेचं आवरण चिकट होतं. डाग पडलेली, ओली गोळी द्यायची नाही.

थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला लोह द्यायचं नाही. प्रवेशाच्या अर्जात हा एक प्रश्न असायलाच हवा.

मुरबाडकर | मंगळवार, दुपारी १:२५

@निळी_गोळी, सिकलसेलही (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) जोडा. मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पाड्यांत तो आहे आणि तिथली कुटुंबं आता कळवा, दिवा, तुर्भे भागात कामाला येऊन राहिली आहेत, तेव्हा मुलं शहरातल्या शाळेत आहेत. हातपाय दुखतात म्हणून सारखं गैरहजर राहणारं, डोळे पिवळसर दिसणारं मूल आळशी ठरवण्याआधी तपासणीला पाठवावं. पहिली चाचणी विद्राव्यतेची, नळीतलं द्रावण गढूळ झालं तर पुढे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी). पहिल्या चाचणीतून वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, म्हणून त्यावरच ‘तुमच्या मुलाला सिकलसेल आहे’ असं कधी सांगू नये. वाहक मूल आजारी नसतं. रुग्ण असलेल्या मुलाला लोह द्यायचं का ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सीवूड्सची_आई | मंगळवार, दुपारी २:००

खाजगी शाळेनं स्वतः हिमोग्लोबिन तपासावं का? आमच्या इथे एका प्रयोगशाळेनं मोफत करून देऊ म्हटलं आहे.

निळी_गोळी | मंगळवार, दुपारी २:३८

करा, पण दोन अटींवर. बोट कोमट आणि कोरडं हवं, पहिला थेंब पुसायचा, बोट पिळायचं नाही. पिळलं की रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि आकडा खोटा कमी येतो. दुसरं, वयानुसार मर्यादा वेगळी (ग्रॅम प्रति डेसीलिटर): ५ ते ११ वर्षं ११.५, १२ ते १४ वर्षं १२, त्यापुढे मुलींना १२ आणि मुलग्यांना १३. सगळ्यांना एकच १२ लावून अर्ध्या शाळेवर ‘ॲनिमिया’चा शिक्का मारलेले अहवाल फिरतात. ८ च्या खाली असेल तर ती तीव्र कमतरता, त्याच दिवशी पालकांना फोन.

कमी निघालेल्या मुलाला आठवड्याची गोळी पुरत नाही, ती प्रतिबंधासाठी आहे. उपचाराची मात्रा डॉक्टर ठरवतात. आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, शरीरातला साठा भरायला वेळ लागतो.

शीतसाखळी | मंगळवार, सायंकाळी ६:१०

टीडी लसीबद्दल. वय १० आणि १६. पाचवी आणि दहावी असं इयत्तेवर धरलं तर काही मुलं सुटतात, म्हणून यादी जन्मतारखेवरून करा. मात्रा अर्धा मिलिलिटर, दंडात, एकदा वापरून आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजनं.

शाळेनं तीन जागा वेगळ्या ठेवाव्यात: थांबण्याची खोली, लस देण्याची खोली, आणि नंतर ३० मिनिटं बसण्याची खोली. थांबलेल्या मुलांना सुई दिसता कामा नये. दहावीच्या वर्गात एक मुलगी चक्कर येऊन पडली की बघता बघता सहा-सात पडतात. ही भीतीतून येणारी चक्कर आहे, लसीचा दोष नाही, पण बाहेर बातमी ‘लसीनं मुली बेशुद्ध’ अशीच जाते. मुलं खाऊन आलेली हवीत, लस बसूनच द्यायची, पंखा चालू हवा, आणि कोणी पडलं तर बाकीच्यांसमोर गर्दी न करता बाजूला नेऊन पाय उंच करून झोपवायचं.

फरक ओळखता यायला हवा. भीतीच्या चक्करेत चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंद असते, आडवं केलं की मूल एक-दोन मिनिटांत सावरतं. खरी तीव्र ॲलर्जी असेल तर अंगावर गांधी उठतात, श्वासाला घरघर लागते, ओठ सुजतात, नाडी जलद आणि क्षीण होते, झोपवून बरं वाटत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनच, मांडीच्या स्नायूत, लगेच. ताईंच्या पेटीत ते असतं. सत्र सुरू होण्याआधी पेटी उघडून त्यावरची मुदत बघितली आहे का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर कोणी रागावणार नाही.

टीडी लस गोठली की वाया जाते. म्हणून बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून लगेच कॅरियरमध्ये (लस थंड ठेवायच्या डब्यात) ठेवत नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात. सत्र अर्धा तास उशिरा सुरू झालं तर त्यामागे हे कारण असू शकतं, घाई करू नका. शाळेनं एवढंच करावं, कॅरियर उन्हात किंवा खिडकीत ठेवू देऊ नये.

वाशी_खाडी | मंगळवार, रात्री ८:०४

एचपीव्हीचं काय? मुलींच्या पालकांकडून सारखी विचारणा होते.

शीतसाखळी | मंगळवार, रात्री ८:३०

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी जागतिक आरोग्य संघटना एक किंवा दोन मात्रा सुचवते. पुण्यात सीरमनं भारतीय लसही बनवली आहे. लवकर का, तर विषाणूशी संबंध येण्याआधी दिली तरच पुरता उपयोग होतो. शाळेनं पालक सभेत स्त्रीरोग किंवा बालरोग तज्ज्ञांना बोलवावं आणि सरकारी केंद्रात कधी, कोणत्या वयाला मिळते ते आरोग्य केंद्रात विचारून सांगावं. शाळेनं खाजगी शिबिरात विकत द्यायला मात्र लावू नये, ते पालकांवर सोडावं.

पारसिक_डोंगर | बुधवार, सकाळी ९:१५

पावसाळा आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत खरा त्रास डेंग्यूचा, त्यावर अजून एक अक्षर नाही! पालकांची मागणी ठरलेली: ‘शाळेत धूर फवारणी करा.’ धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. आठ दिवसांत नवी पिढी उडायला तयार.

एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी ओतून टाकणं पुरत नाही, भांडं काथ्यानं घासावं लागतं. हे शिपायांना सांगितलं नाही तर कोरडा दिवस (सगळी भांडी रिकामी करायचा दिवस) पाळूनही अळ्या सापडतात.

शाळेतल्या जागा सांगतो: गच्चीवरच्या टाकीचं तुटलेलं झाकण, कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या पाण्याची बादली, शिक्षक खोलीतल्या फ्रिजमागचा ट्रे, मोडक्या बाकांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, मैदानातले टायर, न वापरल्या जाणाऱ्या शौचालयाची फ्लशची टाकी. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीत ही शेवटची जागा हमखास भरते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळ्या फ्लश ओढायच्या आणि आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी, ही सगळी यादी फिरायची.

सातवी-आठवीच्या चार मुलांची टोळी, टॉर्च आणि पांढरी वाटी. वाटीत पाणी घेतलं की वळवळणाऱ्या अळ्या स्पष्ट दिसतात. अळीनाशक औषध मुलांच्या हाती द्यायचं नाही, ते महापालिकेचे कर्मचारी टाकतात. जुलै ते ऑक्टोबर गणवेशात पूर्ण बाह्या आणि पूर्ण पॅन्ट चालवून घ्या, हा निर्णय फुकटात होतो.

तक्ता_सहा_मीटर | बुधवार, सकाळी ९:४०

टॉर्चवाल्या टोळीला ‘अळी पथक’ असा बिल्ला द्या, मग बघा आठवीतली मुलं शनिवारची सुट्टीसुद्धा घेणार नाहीत.

कोपरी_नाका | बुधवार, दुपारी १२:२०

अवांतर वाटेल, पण फाटकाबाहेरच्या टपरीबद्दल लिहायला हवं. तंबाखू कायद्याच्या कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री बंद. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, आणि मोजायचे ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सर्व बाजूंनी सरळ रेषेत. फाटकापासून रस्त्यानं वळसा घालून मोजलं तर दुकान हद्दीबाहेर पडतं, म्हणून वाद होतो. शाळेनं पिवळी रेघ मारून घ्यावी. मुख्याध्यापकांना दंड करण्याचा अधिकारही आहे, २०० रुपयांपर्यंत. तो वापरायला अवघड जात असेल तर मोजमापाचा नकाशा आणि फोटो जोडून पोलीस ठाणे व महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला एकत्र पत्र द्या.

मुलांसाठी तंबाखूइतकीच सुपारी धोक्याची. गोड वासाची सुपारी ‘तंबाखू नाही’ म्हणून उघड विकली जाते, पण नुसत्या सुपारीनंही तोंडाची आतली त्वचा आखडत जाते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. साधी चाचणी: मुलानं स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी दातांच्या मध्ये घालून बघायची. जात नसतील तर दंतवैद्याकडे. नववी-दहावीत दात तपासणीच्या दिवशीच हे करता येतं.

वाशी_खाडी | बुधवार, दुपारी १:०५

आणि चिप्स, कोल्ड्रिंक? शाळेच्या उपाहारगृहातच मिळतात.

कोपरी_नाका | बुधवार, दुपारी १:३०

२०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. बाहेरच्या गाड्यांशी भांडण्याआधी आतलं उपाहारगृह सुधारा, तिथे कंत्राट शाळेचंच असतं. करारातच पदार्थांची यादी घाला.

परिचारिका_कळवा | बुधवार, दुपारी ३:१०

धाग्याला फाटे फुटले तरी चांगलेच फुटलेत. आता घणसोलीकरांच्या तिसऱ्या प्रश्नावर येते, पाठपुरावा.

चिठ्ठी घेऊन गेलेलं मूल रुग्णालयातून परत का येतं, याची कारणं ठरलेली आहेत. चिठ्ठीवर नुसतं ‘नेत्ररोग विभाग’ लिहिलेलं असतं. पालक रोजंदारी बुडवून दुपारी पोचतात तेव्हा केसपेपरची खिडकी बंद झालेली असते, किंवा त्या विभागाचा तो वार नसतो. मग दुसऱ्यांदा कोणी जात नाही. म्हणून चिठ्ठीवर हे हवंच: रुग्णालयाचं नाव (तुमच्यासाठी वाशी, नेरूळ, ऐरोलीची महापालिका रुग्णालयं, ठाण्याकडच्यांना कळव्याचं), बाह्यरुग्ण विभागाचा वार, केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो, सोबत काय न्यायचं, आणि मुलाला काय आढळलं ते एका ओळीत. वार आणि वेळा दर सहा महिन्यांनी फोन करून खात्री करा, बदलतात.

चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग फाडून परत आणायचा. त्यावर डॉक्टरांनी निदान आणि पुढची तारीख लिहायची. तो तुकडा परत आला तरच ते मूल पोचलं असं धरायचं.

शाळेत एकच वही. रकाने: नाव, इयत्ता, काय आढळलं, कुठे पाठवलं, चिठ्ठीची तारीख, तुकडा परत आल्याची तारीख, काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं. वही एकाच शिक्षकाकडे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुख्याध्यापकांनी फक्त रिकामे रकाने बघायचे. हृदयात आवाज, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, अशांना त्याच दिवशी फोन. नजरेसाठी चार आठवडे. दातांसाठी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

ही यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकायची नाही. ‘यांनी चष्मा करून घ्यावा’ म्हणून नावं टाकली की मूल चष्मा लावायचंच सोडतं.

सीवूड्सची_आई | बुधवार, दुपारी ३:३२

फाडून परत आणायचा तुकडा, हे आमच्या शाळेलाही सुचवते. आणि चष्मा मिळाल्यावर तीन महिन्यांनी वर्गात किती मुलं तो लावतायत हे मोजावं, नाहीतर वहीत ‘चष्मा दिला’ एवढंच राहतं.

तक्ता_सहा_मीटर | बुधवार, दुपारी ३:५०

अगदी बरोबर. न लावण्याची कारणं बहुतेक वेळा फ्रेमची असतात: नाकावरून घसरते, कानामागे टोचते, किंवा रंग मुलानं निवडलेला नसतो. फ्रेम मुलालाच निवडू द्या.

येऊरकर | बुधवार, सायंकाळी ५:१५

पिण्याचं पाणी राहिलं. टाकी दर सहा महिन्यांनी धुवा, एकदा शाळा उघडण्याआधी जूनच्या पहिल्या आठवड्यात. क्लोरीन टाकीवर नाही, शेवटच्या मजल्यावरच्या नळावर तपासा. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेलं हवं. ओटी चाचणीत (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करतात ती) पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. काहीच रंग आला नाही आणि घालावं लागलं तर चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. उघड्या पिशवीतली जुनी पावडर घालून उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

मोठ्या मुलांसाठी एक क्रमांक प्रत्येक वर्गात लावा: १४४१६, टेली-मानस. मनावर ताण असेल तर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. परीक्षेच्या आधी फेब्रुवारीत नाही, जूनपासून लावा.

घणसोलीकर | बुधवार, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चं वेळापत्रक असं करतोय: जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी, नळांवर क्लोरीन, फ्लश आणि डासांची फेरी. १५ जूनला शाळा उघडली की आरोग्य माहितीचा अर्ज (थॅलेसेमिया, सिकलसेल, फिट, ॲलर्जी, चालू औषधं). जुलैत पहिली, पाचवी, आठवीची नजर तपासणी. ऑगस्टमध्ये जंतनाशक आणि मॉप-अप. सप्टेंबरमध्ये दात आणि तीन बोटांची चाचणी. दिवाळीनंतर टीडी. जानेवारीत चष्म्यांची मोजणी. फेब्रुवारीत पुन्हा जंतनाशक. शनिवारची डास फेरी ऑक्टोबरअखेर. वही क्रीडाशिक्षकांकडे ठेवायला सांगेन, ते सगळ्या वर्गांत जातात.

शीतसाखळी | बुधवार, रात्री १०:२२

टीडी नोव्हेंबरच्या शेवटी धरा, सहामाहीनंतर पट स्थिर असतो. यादी मात्र ऑक्टोबरमध्येच आरोग्य केंद्राला द्या, आणि त्यात आधी खाजगी डॉक्टरांकडे टीडी घेतलेल्या मुलांचा वेगळा रकाना ठेवा. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय ‘घेतली आहे’ असं लिहू नका.

परिचारिका_कळवा | बुधवार, रात्री १०:३५

आणि ऑगस्टच्या गोळ्यांची मागणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पट ९०० असेल तर ९०० च मागू नका, थोड्या जास्त मागा. काही गोळ्या खाली पडतात, मुलं अर्धवट चावून थुंकतात, आणि मॉप-अपला कमी पडल्या तर राहिलेली मुलं तशीच राहतात. उरलेल्या गोळ्या मोजून, पावती घेऊन परत करा.

घणसोलीकर | बुधवार, रात्री १०:४१

नोंद केली. उद्या मुख्याध्यापकांना पत्राचा मसुदा देतो. मसुदा इथे टाकला तर तपासून द्याल का?

येऊरकर | बुधवार, रात्री १०:४४

टाका. पट जन्मतारखांसह जोडा, म्हणजे टीडीसाठी दुसरं पत्र लागणार नाही.